बघायला जायचं तर संध्याकाळी जा

काकू, नमस्कार.

मी कोरेगाव तालुक्यातली, वय २५. बी.ए. झाल्यावर सहा महिन्यांचा नर्सिंग असिस्टंटचा कोर्स केला. सध्या साताऱ्यात राजवाड्याजवळ एका कापड दुकानात आहे. शहराबाहेर ज्येष्ठांसाठी नवीन संकुल झालंय, तिथं केअरटेकर म्हणून बोलावलंय. ड्युटी बारा तासांची, पगार बारा हजार, राहणं-जेवण त्यांच्याकडे. मला जावंसं वाटतं, पण दोन अडचणी आहेत. आई म्हणते, "लोकांच्या म्हाताऱ्यांचं हागणंमुतणं काढणारी पोरगी कोण करून घेणार?" दुसरी अडचण माझीच. माझ्या आजीचं दोन वर्षं मीच सगळं केलं. ती गेली तेव्हा दोन महिने मला अन्न गोड लागत नव्हतं. तिथं तर अशा पन्नास आज्या असतील. तुम्ही इतकी वर्षं हे काम केलंत म्हणून विचारते. कसं असतं ते? जाऊ का?

— कोरेगावची लेक

लेकी,

मी या कामाला लागले तेव्हा माझ्या सासूबाई वाड्यातल्या बायकांना "सून दवाखान्यात असते" असं सांगायच्या. खोटं नव्हतं, पण धड खरंही नव्हतं. चार-पाच वर्षांनी त्याच बायका "मामंजींच्या पाठीला जखम झालीय, काय लावू?" असं विचारायला आमचा जिना चढायला लागल्या. मग सासूबाईंनी दवाखाना सोडला आणि "आमची सून म्हाताऱ्यांचं बघते" असं सरळ सांगायला सुरुवात केली. तुझ्या आईला एवढी वर्षं लागणार नाहीत. तू आजीचं केलंस तेव्हा अख्खी भावकी "पोरगी गुणाची" म्हणाली असेलच. काम तेच. त्याला पगार चिकटला की आपल्याकडे कमीपणा येतो. ही खोड काही तुझ्या आईने एकटीने लावलेली नाही, तेव्हा तिच्याशी वाद घालत बसू नकोस. तिला बरोबर घेऊन जा आणि जागा दाखव.

आणि जायचं तर संध्याकाळी जा. नोकरी हेही एक स्थळच. सकाळी अकराला गेलीस तर कांदेपोह्यांचा कार्यक्रम होईल. फरशी पुसलेली, आज्यांना आंघोळी घालून पावडर लावलेली, मॅनेजर टेबलाशी हजर. खरं घर दिसतं ते पाच ते सात. दिवस कलला की ज्यांना विसरण्याचा आजार आहे, म्हणजे डिमेन्शिया, त्यांची घालमेल वाढते. डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात, आम्ही नुसतं 'पाचची वेळ' म्हणायचो. डोकं शाबूत असलेल्यांचंही त्या वेळी खरं नसतं. ती फोन यायची वेळ. घरोघरी माणसं परत यायची वेळ. आणि नेमकी तेव्हाच माणसं कमी असतात, कारण दिवसपाळीच्या निम्म्या मुलींची एसटी धरायची गडबड चाललेली असते.

आमच्याकडे पाटण भागातल्या एक आजी होत्या. पाच वाजले की लुगड्याचा ओचा सारखा करायचा, उशीच्या अभ्र्यात दोन कपडे आणि कंगवा कोंबायचा आणि दाराशी येऊन उभं राहायचं. "धारंची येळ झाली, मला सोडा. गाय हंबारतीया." प्रत्येक नवीन मुलगी त्यांना प्रेमाने समजवायची, की आजी, इथं गाय नाही, तुमची गाय केव्हाच गेली. झालं! आजींची गाय रोज संध्याकाळी नव्याने मरायची आणि त्या रोज नव्याने रडायच्या. एकदा मीच वैतागून विचारलं, "किती देती हो गाय?" आजी थांबल्या. "सकाळचं चार शेर. आटत आलीया आता." मग पेंड कुठली घालता, पहिलटकरीण असताना लाथ मारायची का, असं विचारत विचारत आम्ही बागेला दोन फेऱ्या घातल्या. परत आलो तोवर चहा आला होता. आजींनी बशीत ओतून घेतला आणि गाय विसरल्या. त्या दिवसापासून आमच्या ड्युटीच्या वहीत संध्याकाळच्या रकान्यात त्यांच्या नावापुढे 'धार' असं एक काम लिहिलेलं असायचं. ज्या मुलीची पाळी तिने गायीची चौकशी करायची.

हे तुला कोर्समध्ये शिकवलं नसेल. बी.पी. बघणं, शुगर बघणं, स्पंजिंग, डायपर हे शिकवलं असेल, आणि त्याची किळस तुला वाटणार नाही हे मी पैजेवर सांगते, कारण दोन वर्षं घरी केलंयस. पंधरा दिवसांत हात आपोआप चालतात. खरं कसब लागतं ते नकार देणाऱ्या माणसाशी. एक निवृत्त शिक्षिका होत्या, आंघोळीला तयारच व्हायच्या नाहीत. दोन पातळं एकावर एक नेसून बसायच्या आणि आम्ही जवळ गेलो की "कोण गं तुम्ही? माझ्या घरात कशा आलात?" असं दरडावायच्या. दोघींनी धरून न्यायचा प्रकार आम्ही एकदाच केला. त्यांच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उठले, आणि ते आठवडाभर रोज मला दिसत होते. पुढे एका जुन्या मावशींनी युक्ती काढली. बादली भरायची, टॉवेल बाईंच्याच हातात द्यायचा आणि म्हणायचं, "बाई, पाणी जास्त कढत झालंय का बघता का? मला मेलीला अंदाज येत नाही." बाई उठायच्या, बादलीत हात घालायच्या, "अगं, थोडं गार घाल यात," म्हणायच्या. हात ओला झाला की पुढचं सोपं. माणसाला आंघोळ घालायला न्यायचं नाही, आंघोळीच्या कामाला बोलवायचं.

दुसरं कसब डोळ्यांचं. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतील, सिस्टर राउंडला येईल, पण दिवसभर जवळ तू असशील. काल व्यवस्थित बोलणारी आजी आज अचानक असंबद्ध बोलायला लागली, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नकोस. म्हातारपणी लघवीच्या संसर्गात कधीकधी ताप येतच नाही, आधी डोकं भरकटतं. ताबडतोब सिस्टरला सांग आणि वहीत वेळ घालून लिही. शुगरची औषधं चालू असलेले आजोबा घामाघूम होऊन चिडचिडायला लागले तर आधी शुगर बघायची. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी परत बघायचं. कुणी पडलं तर काखेत हात घालून ओढून उठवायचं नाही. आधी बोलतं करायचं, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का पाहायचं. दिसला तर खुब्याचं हाड समज आणि हलवू नकोस. पडून असलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, मग रात्र असो नाहीतर दिवाळी. एअरबेड आहे म्हणून कूस बदलत नाही असं सांगणारी जागा असेल तर तिथून सरळ घरी ये.

माझी कंबर गेली आहे. तुझी जाऊ नये म्हणून सांगते: वजनदार माणूस एकटीने उचलायचा नाही. गुडघे वाकवायचे, पाठ नाही. "तू दणकट आहेस, तुला जमेल" असं कौतुक करणाऱ्याला म्हणायचं, "या मग दुसऱ्या बाजूने."

सातारा हे पेन्शनरांचं गाव, त्यात जिल्हा सैनिकांचा. त्यामुळे तुला तिथे एखादे सुभेदार हमखास भेटतील, जे पहाटे साडेपाचला बूट घालून चहाच्या खिडकीशी उभे असतील आणि चहा पाच मिनिटं उशिरा आला तर तुझा कोर्ट मार्शल करतील. अशा माणसांची दया करायला जाऊ नकोस, ती त्यांना आवडत नाही. नोव्हेंबर आला की पेन्शनसाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यांची धांदल. ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो, तो आधी उरकून घ्यायचा. आयुष्यभर राबून बोटांवरच्या रेषाच पुसलेल्या असतात, मशीन ठसा घेत नाही. आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतं, पण त्यात डोळे मिचकवावे लागतात. एक आजोबा काही केल्या मिचकवेनात. टक लावून बघत बसले. सहाव्यांदा झालं तेव्हा म्हणाले, "लागला का पत्ता सरकारला मी जिवंत असल्याचा?" आम्ही पोट धरून हसलो. हसणं भरपूर असतं तिथं, हे कुणी सांगत नाही.

जागा कसली आहे तेही नीट विचार. एक असतं स्वतःच्या पायांनी आलेल्यांचं संकुल. मुलं पुण्याला किंवा परदेशात, घराचा व्याप नको, डबा-सोबत-डॉक्टर हाताशी हवा, म्हणून राजीखुशीने आलेली जोडपी. तिथलं काम बरंचसं हॉटेलसारखं, आणि तक्रारीही हॉटेलसारख्याच. दुसरं म्हणजे पडून असलेल्यांचा आणि डिमेन्शियाचा विभाग. तिथे तुझा दिवस वर लिहिला तसा जाईल. बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच आवारात असतं आणि नवीन मुलीला न सांगता दुसरीकडे टाकतात. कुठल्या विभागात, एकीकडे किती माणसं, रात्री किती जणी, हे आधीच विचारून घे.

आता काही गोष्टी ज्या मॅनेजर सांगणार नाही. पहिली, तुझ्यावर चोरीचा आळ येणार. विसरणारं माणूस पैसे उशीखाली ठेवतं, मग डब्यात ठेवतं, मग तुझ्याकडे बघतं. रडायचं नाही, दुसऱ्या बाईला बोलावून दोघींनी मिळून शोधायचं. कपाटाची किल्ली तुझ्याकडे कधीच नको. दुसरी, एखादी आजी जीव लावून हातातली अंगठी तुझ्या बोटात घालेल. गोड बोलून परत कर आणि ऑफिसला सांगून ठेव. तिसरी जरा अवघड. एखाद्या आजोबांचा हात नको तिथे जातो. कधी तो आजाराचा भाग असतो, कधी नुसता हलकटपणा. दोन्ही वेळा तुला ते सोसायचं कारण नाही. हात बाजूला कर, मोठ्याने "आजोबा, नाही" म्हण, इन्चार्जला सांग आणि लेखी दे. "म्हातारं माणूस आहे, चालवून घे" असं उत्तर मिळालं तर सांग, की दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे २०१३ च्या कायद्याने तक्रार समिती लागते, तिच्यावर कोण आहे ते मला कळू द्या. ड्युटी बदलून मिळते, माझा अनुभव आहे.

तू दोन अडचणी लिहिल्यास. मला तिसरी दिसते, आणि ती सगळ्यात जास्त छळेल. ती म्हणजे मुलांचा राग. आई-बापांना इथे टाकून गेले, असं तुला रोज वाटेल. मला वाटायचं. आमच्याकडे एक आजोबा होते, सगळ्यांचे लाडके. नकला करायचे, मुलींना 'माझी पाखरं' म्हणायचे, दुपारपासून फाटकाकडे तोंड करून खुर्चीत बसायचे. मुलगा वर्षातून दोनदा यायचा, ऑफिसात पैसे भरायचा, वडिलांसमोर दहा मिनिटं उभा राहायचा, बसायचासुद्धा नाही. एका दिवाळीला मला राहवलं नाही. मी त्याला व्हरांड्यात गाठलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. रक्ताचं पाणी करून वाढवलं, वगैरे. तो ऐकून घेत होता. मग हळूच म्हणाला, "बाई, माझी आई गेली तेव्हा तिला आंघोळ घालणाऱ्या बायकांनी तिची पाठ बघितली आणि रडायला लागल्या. पैसे कधी चुकलेत का माझे?" आणि गेला. मॅनेजरने मला झापलं ते वेगळंच, पण त्याचं काही वाटलं नाही. अर्ध्या तासाने मला त्याच आजोबांना भात भरवायचा होता. "पाखरा, मीठ कमी आहे गं," ते म्हणाले. मी उठून मीठ आणून दिलं.

त्यानंतर मी कुठल्याच मुलाला काही बोलले नाही. कुणी फोन केला तर आज काय जेवले, झोप कशी झाली, काय बोलले एवढंच सांगायचे. फोन करायला लाजणारी मुलंही मग करायला लागतात, आणि वरणभाताच्या गोष्टी ऐकून ठेवतात. एखाद्या आजीवर खरोखर अन्याय झाला असेल, घर काढून घेतलं असेल, तर ते तुझ्या भांडणाने सुटणार नाही. आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जातो, आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. नंबर लावून दे, फोन आजींच्या हातात दे. बोलणं त्यांचं.

आता तुझ्या आजीचं. तुला अन्न जात नव्हतं, कारण ती तुझी आजी होती आणि त्या दोन वर्षांत तुझी ड्युटी एकदाही संपली नव्हती. रात्री तीच, सकाळी तीच, आणि ती गेल्यावर हातांना कामच उरलं नाही. तिथे असं नसतं. वाईट वाटतं, भरपूर वाटतं. आमच्याकडे औषधांचे प्लॅस्टिकचे डबे होते, प्रत्येकावर पांढरं चिकटपट्टीचं प्लास्टर आणि त्यावर पेनाने नाव. माणूस गेलं की उरलेल्या गोळ्या मोजून घरच्यांना द्यायच्या आणि प्लास्टर काढायचं. ते कधीच धड निघत नाही. कडा राहतात, गोंद राहतो. मग चार दिवसांनी नवीन कुणी आलं की त्यावरच नवीन पट्टी. माझ्याकडच्या एका डब्यावर चार थर होते. खालचं नाव मला वाचता यायचं, नवीन मुलींना नाही. डबा उघडताना मला रोज ती माणसं आठवायची, आणि डबा उघडावाच लागायचा, कारण सकाळी आठची गोळी आठलाच द्यायची असते. यापेक्षा वेगळा उपाय मला कधी सापडला नाही.

एक मात्र करशील. पहिले सहा महिने तिथे मुक्कामाला राहू नकोस. राहणं-जेवण फुकट ऐकायला बरं वाटतं, पण मग बारा तासांचे सोळा कधी होतात कळत नाही. "तू आहेसच तर जरा बघ." घरी जा. कोरेगावची गाडी माहुलीच्या पुलावरून जाते. साताऱ्याची माणसं शेवटी तिथल्याच स्मशानात नेतात, ते तुला माहीतच आहे. सकाळी जिचे केस विंचरले तिला संध्याकाळी माहुलीला नेलेलं असायचं. माझी एक सहकारी तुमच्याच भागातली होती. असा दिवस असला की ती पुलावर गाडीच्या खिडकीतून हात जोडायची आणि पुढच्या थांब्याला भाजी काय करायची याचा विचार सुरू करायची. रात्रपाळीमुळे घरी जाणं जमत नसेल तर निदान आठवड्याची सुट्टी आवाराबाहेर काढ.

पगाराचं. बारा तास, महिन्याला सव्वीस दिवस धर. ३१२ तास झाले. बारा हजाराला भागलं तर तासाला ३८ रुपये पडतात. दुकानात किती पडतात ते काढून बघ आणि मग बोल. आठ तासांची पाळी आहे का, जादा तासांचे पैसे वेगळे मिळतात का, साप्ताहिक सुट्टी भरपगारी का, हे विचार. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर प्रॉव्हिडंट फंड लागू होतो. मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे १२ टक्के तुझे कापतात आणि तेवढेच मालकाने घालायचे असतात. नेमणुकीचं पत्र हातात पडल्याशिवाय दुकान सोडू नकोस. हे विचारल्यावर समोरचा म्हणेल, "हे सेवेचं काम आहे, पुण्य आहे." तेव्हा आईला चिमटा काढून सांग, की पुण्य आम्ही घरी दोन वर्षं केलंय.

काम आवडलं तर केअरटेकरवर थांबू नकोस. पुढे नर्स व्हायचे कोर्स आहेत, एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा. तुझ्या वयाला अजून जमण्यासारखं आहे, आणि ही माणसं वाढतच जाणार आहेत, कमी होणार नाहीत.

तेव्हा येत्या आठवड्यात एक दिवस दुकानातून चारला सुट्टी घे. आईला स्टँडवर बोलाव. तिथे गेल्यावर ऑफिसात बसू नका, व्हरांड्यात बसा. कुणी घंटा वाजवली तर किती वेळाने कोण येतं ते बघा. मुली आज्यांना "ए, बस खाली" म्हणतात की "बसताय ना?" म्हणतात ते ऐका. आईला एखाद्या आजीशेजारी बसव आणि तू जरा लांब जा. त्या दोघी काय बोलतील ते बोलू दे.

आणि हो, रुजू व्हायच्या आदल्या रात्री नखं अगदी मुळाशी काप. अंगठी आणि काचेच्या बांगड्या काढून ठेव. त्या वयात कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, नुसतं घासलं तरी सुटून येते.